बाजार, राज्य आणि धम्म



"बाजारात प्रत्येकजण स्वतंत्र आहे, सरकारने त्यात हात घालू नये," असे आपणांस सांगितले जाते. पण विचार करा. एकाच्या घरी वर्षाचे धान्य आहे, दुसऱ्याच्या घरी आज चूल पेटलेली नाही. हे दोघे मजुरीचा दर ठरवावयास बसले तर शब्द कोणाचा चालेल? उपाशी माणसाला नकार देता येत नाही.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये हेच दाखविले. राज्य बाजूला सरले की जमीनदार खंड वाढविण्यास व मालक मजुरी कापण्यास मोकळा होतो. म्हणून मूलभूत उद्योग, विमा व शेती राज्याच्या हाती असावी आणि तसे घटनेतच लिहावे, अशी त्यांची मागणी होती.

दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात राजा महाविजिताच्या राज्यात लूटमार माजते. पुरोहित त्याला सांगतो की, शिक्षेने चोर संपणार नाहीत. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, चाकरी करणाऱ्याला वेतन द्यावे. येथे व्यापार बंद केलेला नाही. प्रत्येकाला त्यात उभे राहण्याचे बळ दिले आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर, १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. खेड्यातील मजुराला काम मागण्याचा हक्क मिळाला.

मग दान व्यर्थ आहे काय? नाही. पण दानाने आजची भूक भागते, तिचे कारण उरतेच. दुःखाचे कारण शोधून ते दूर करणे हाच धम्ममार्ग होय. म्हणून सरकारचे अंदाजपत्रक जाहीर झाले की वंदनेनंतर विहारात बसून ते वाचा आणि विचारा: यात बियाणे कोणाला मिळाले?

जयभीम!