आकडा आणि रकाना

खेळाडूचे मोल त्याच्या नावापुढील आकड्यांवरून न्याय्य रीतीने ठरते काय, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडांगणापुरता वाटतो. परंतु विचारान्ती तो माणसाच्या श्रमाची नोंद कोणी व कशी ठेवावी, या नैतिक प्रश्नापाशी येऊन पोहोचतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या फळीतून धावणाऱ्यास ‘रनिंग बॅक’ म्हणतात व तो किती यार्ड धावला यावर त्याची थोरवी तोलतात. एमिट स्मिथ याच्या नावे १८,३५५ यार्डांचा विक्रम आहे. बॅरी सँडर्स १५,२६९ यार्डांवर थांबला, तरी दर धावेमागील सरासरी त्याचीच सरस. स्मिथच्या पुढे वाट मोकळी करून देणारे बलदंड सहकारी होते, सँडर्सला पुष्कळदा आपली वाट आपणच काढावी लागे, असे त्याचे पक्षपाती म्हणतात. हा वाद मिटत नाही, कारण वाट मोकळी करणाऱ्याच्या खाती एकही यार्ड जमा होत नाही.

आपल्या अधिक परिचयाचे उदाहरण १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याचे. सुनील गावसकर यांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या. आपल्या मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांनी पाच कसोटींत ६४२. बेरीज पाहिली तर निवाडा उघड आहे. परंतु गावसकर ज्यात नव्हते त्या किंग्स्टनच्या कसोटीत भारताचे पाच गडी ७५ धावांत परतले असता सरदेसाई यांनी २१२ धावा केल्या. ब्रिजटाऊन येथे सहा गडी ७० धावांत बाद झाले, तेव्हाही १५० धावा त्यांच्याच. गावसकरांच्या थोरवीस याने काडीचाही उणेपणा येत नाही. एवढेच, की पडत्या काळातील धाव आणि सुस्थितीतील धाव धावफलक एकाच भावाने मोजतो.

या दोन्ही प्रसंगी सरदेसाई यांना साथ दिली ती एकनाथ सोलकर यांनी. मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे मैदान राखणाऱ्याचा हा मुलगा. त्यांच्या त्या डावांतील धावा अनुक्रमे ६१ व ६५, आणि कसोटीतील एकूण सरासरी जेमतेम २५. केवळ फलंदाजीचा रकाना वाचणारा विचारील, की हा गृहस्थ संघात कशासाठी? परंतु शेजारच्या रकान्यात २७ कसोटींत ५३ झेल आहेत, आणि तेही बहुतांशी फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, शिरस्त्राणाविना उभे राहून घेतलेले. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला, तेव्हा ॲलन नॉट यांचा सोलकरांनी सूर मारून घेतलेला झेल जाणकार अजून आठवतात. बळी मात्र गोलंदाजाच्या नावे लागला. तो तसाच लागावयाचा. परंतु सोलकर समोर उभे आहेत एवढ्यानेच फलंदाजाच्या मनात जी चलबिचल होई, तिला कोणत्याच फलकावर जागा नव्हती.

म्हणून आकडेच टाकून द्यावेत काय? आम्हांस तसे वाटत नाही. आकडा नसेल तेथे शिफारस येते, घराण्याचे नाव येते, ओळखपाळख येते. ज्याच्या पाठीशी कोणी नाही अशा पेडण्याच्या वा डिचोलीच्या मुलास निवड समितीपुढे मांडावयास आपल्या धावा आणि गोल यांखेरीज काय असते? सोलकरांचे ५३ झेल हाही अखेर आकडाच. दोष मोजण्यात नाही. कोणते रकाने आखले आणि कोणते आखलेच नाहीत, यात आहे.

सरकारी दप्तरात आयुष्य गेलेल्या आम्हां मंडळींस ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. आपल्याकडील जमिनीच्या ‘एक-चौदा’च्या उताऱ्यात कुळाचा रकाना आहे. त्यात नाव असेल त्याचे कसणे कागदावर आले. पिढ्यान्‌पिढ्या चिखल तुडवूनही ज्याचे नाव त्यात चढले नाही, त्यास आपलाच घाम पुराव्यानिशी सिद्ध करावा लागे. आपल्यापैकी कित्येक घराणी या नोंदीच्या एका बाजूस होती, कित्येक दुसऱ्या. कोरा रकाना म्हणजे काय, हे दोघांनाही कळते. तो भरणारा लेखनिक खोटे लिहीत होता असे नव्हे; समोर आले तेवढे तो लिहीत होता.

पेडण्यातील दशावतारी नाटकात राजाचे संवाद आपण घरी येऊन सांगतो. युद्धाला चाल देणाऱ्या पखवाजवादकाचे नाव मात्र क्वचितच विचारतो. तेथे तर फलकही नसतो, रकानाही नसतो. तो रकाना आपल्या मनातच आखलेला नसतो.

आमचे म्हणणे इतकेच, की आकडा साक्षीदार म्हणून बोलवावा, त्यास न्यायासनावर बसवू नये. आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी: ही बेरीज कोणत्या परिस्थितीत झाली, तिच्यासाठी वाट कोणी मोकळी केली, आणि त्याचे नाव कोठे लिहिले आहे? ते कोठेच नसेल, तर नवा रकाना आखणे हे मोजणाऱ्याचे कर्तव्य ठरते. ज्याचे मोल मोजावयाचे आहे, त्याने ते मागावयास येण्याची वाट पाहू नये.