अर्ज आणि अर्जदार

आपल्याकडील मध्यम स्थितीच्या घरांत मुलगा अगर मुलगी पदवीधर झाली म्हणजे एक नवा व्यवसाय सुरू होतो. तो म्हणजे अर्ज करणें. आमच्या तरुणपणीं, म्हणजे १९९० नंतरच्या चारपांच वर्षांत, हा व्यवसाय मोठ्या कष्टाचा होता. टंकलेखकाच्या दुकानांत बसून अर्ज टंकून घ्यावा, गुणपत्रकांच्या नकला साक्षांकित करण्यासाठीं एखाद्या राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारांत ताटकळावें, पोस्टल ऑर्डर जोडावी, आणि रजिस्टर टपालाची पावती जपून ठेवावी. एका अर्जास दोन दिवस सहज जात. त्यामुळें अर्ज करण्यापूर्वीं मनुष्य थोडाबहुत विचार करी. हल्लीं अर्ज संगणकावर होतात, आणि विचारास भाग पाडणारे ते दोन दिवस नाहींसे झाले आहेत.

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी प्रशस्तिपत्र मागण्यासाठीं आला होता. मुलगा हुशार, वृत्तीनें सरळ. घरची जबाबदारी अंगावर पडलेली. बोलतां बोलतां तो म्हणाला, “सर, काल रात्रीं जेवण झाल्यावर बसलों आणि झोपण्यापूर्वीं चाळीस अर्ज पाठविले.” आम्हांस आश्चर्य वाटलेलें पाहून त्यानें तो प्रकार तेथेंच करून दाखविला. नांव, पत्ता, जन्मतारीख, पदवी, अनुभव, सर्व रकाने एका कळीसरशीं भरले. ‘आमच्या संस्थेंत आपण कां येऊं इच्छितां?’ या प्रश्नाखालीं सुद्धां एक परिच्छेद आपोआप येऊन बसला. तो आम्हीं वाचला. संस्थेच्या ध्येयाविषयीं त्यांत मोठा आदर व्यक्त केलेला होता. मात्र नांव दुसऱ्याच एका संस्थेचें होतें. मुलगा ओशाळला, आणि “सर, एवढीच चूक राहिली” असें म्हणून त्यानें नांव बदललें.

तो निघून गेल्यावर आम्ही बराच वेळ विचार करीत राहिलों. नांव बदलल्यानें चूक दुरुस्त झाली काय? चुकीच्या नांवामुळें तो आदर खोटा ठरला, कीं तो आदर मुळांतच कोणाविषयीं नव्हता आणि चुकीच्या नांवामुळें तें केवळ उघडकीस आलें?

ज्याला ऑटोफिल म्हणतात त्या साधनाची घडण समजून घेतल्याशिवाय त्याचा न्याय करणें योग्य होणार नाहीं. संगणकावरील फॉर्मांत प्रत्येक रकान्यास, आपणांस दिसणाऱ्या शीर्षकाखेरीज, यंत्रास कळणारें एक आंतील नांव असतें. आपण पूर्वीं लिहिलेली माहिती ब्राउझर सांठवून ठेवतो आणि त्या आंतील नांवाशीं ती जुळवून पाहतो. नांव नीट दिलेलें असलें तर जुळणी बिनचूक होते. नसलें तर तो अंदाज करतो. आपल्या गुणपत्रकांवर बहुधा आडनांव प्रथम येतें. फॉर्म मात्र पहिलें, मधलें व शेवटचें नांव विचारतो. त्यामुळें वडिलांचें नांव आडनांवाच्या जागीं जाऊन बसलेले अर्ज आम्हीं पाहिले आहेत. अलीकडे तर अर्जदाराचा जीवनवृत्तान्त व नोकरीची जाहिरात हीं दोन्ही ताडून पाहून सबंध उत्तरें रचणारीं साधनेंहि निघालीं आहेत. पहिल्या प्रकारचें साधन आपलाच मजकूर आपणांस परत देतें. दुसऱ्या प्रकारचें साधन आपण न केलेला विचार आपल्या नांवावर लिहितें. हा भेद पुढील विवेचनांत महत्त्वाचा आहे.

आतां तरुणांची बाजू पाहूं. कित्येक फॉर्म जीवनवृत्तान्ताची फाईल प्रथम मागून घेतात, आणि पुढच्याच पानावर त्या फाईलमधील मजकूर पुन्हां रकान्यारकान्यांतून लिहावयास लावतात. एका अर्जास अर्धा तास धरला तरी चाळीस अर्जांस वीस तास होतात. जी माहिती एकदां दिली ती चाळीस वेळां लिहिण्यानें मनुष्य अधिक प्रामाणिक होत नाहीं, फक्त अधिक थकतो. केंद्रीय लोकसेवा आयोगानें ऑगस्ट २०२२ मध्यें एकवेळ नोंदणीची व्यवस्था सुरू केली, ती उमेदवाराची मूळ माहिती प्रत्येक परीक्षेसाठीं पुन्हां लिहावी लागूं नये म्हणूनच. जें आयोगानें सोईचें मानलें तें एखाद्या मुलानें आपल्या संगणकावर केलें तर त्याला आळशी म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

शिवाय पलीकडच्या बाजूसहि नेहमीं मनुष्यच बसलेला असतो असें नाहीं. अमेझॉन कंपनीनें २०१४ पासून अर्ज पारखणारें एक यंत्र तयार करण्याचा प्रयोग चालविला होता. पूर्वीच्या दहा वर्षांतील अर्जांवरून तें शिकलें. ते बहुतेक पुरुषांचे असल्यामुळें, एखादीनें आपण ‘स्त्रियांच्या’ बुद्धिबळ मंडळाची प्रमुख होतों असें लिहिलें तर त्या एका शब्दावरून तें यंत्र तिची किंमत कमी करूं लागलें. कंपनीनें अखेर तो प्रयोग सोडला, आणि रॉयटर्स वृत्तसंस्थेनें ऑक्टोबर २०१८ मध्यें ही हकीकत प्रसिद्ध केली. तेव्हां कोणी तरुण असें विचारील कीं, वाचणारें यंत्र असेल तर लिहिणारें यंत्र कां नसावें? या प्रश्नांत तथ्य आहे. पण वाचणाऱ्याची बेफिकिरी लिहिणाऱ्याचे श्रम माफ करूं शकते. त्याचें खरें बोलण्याचें बंधन ती माफ करूं शकत नाहीं. कारण तें बंधन वाचणाऱ्यानें घातलेलेंच नव्हतें.

मग दुसऱ्याच्या हातानें लिहिणें हाच दोष मानावयाचा काय? तसेंहि म्हणतां येत नाहीं. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंची यानें मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याजकडे आश्रय मागितला, त्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. पूल, तोफा, सुरुंग इत्यादि युद्धविद्येंतील आपलें कसब क्रमवार सांगून चित्रकलेचा उल्लेख त्यानें अगदीं शेवटीं केला आहे. आणि विशेष हें कीं, तो मसुदा लिओनार्दोच्या हस्ताक्षरांत नाहीं. तथापि त्यांतील म्हणणें त्याचें नव्हे असें कोणी म्हणत नाहीं. मुंबईच्या मोठ्या पोस्टाबाहेर निरक्षरांचीं पत्रें लिहून देणारे लोक बसत. अक्षर त्यांचें, शब्दहि पुष्कळदां त्यांचेच, परंतु ‘काय लिहूं?’ हा प्रश्न समोरच्या माणसास विचारल्याशिवाय त्यांची लेखणी चालत नसे.

आपल्या घरांतील पूजेचेंच उदाहरण घ्या. मंत्र गुरुजी म्हणतात. यजमानास त्यांतील अक्षरहि पुष्कळदां कळत नाहीं, आणि त्याबद्दल कोणी त्याला दोष देत नाहीं. मात्र संकल्पाच्या वेळीं गुरुजी थांबतात. यजमानाचें नांव व गोत्र विचारलें जातें, आणि पाणी यजमानाच्याच हातावरून ताम्हनांत सुटतें. मंत्र उसने चालतात. संकल्प उसना चालत नाहीं.

अर्जांतहि असे दोन भाग असतात. नांव, पत्ता, जन्मतारीख, गुण या सर्व नोंदी आहेत. त्या दप्तरांत कोठें तरी लिहिलेल्याच असतात. त्या कोणीहि उतरवून दिल्या तरी बिघडत नाहीं, मात्र उतरविलेलें एकवार तपासावें. परंतु ‘मी हें काम कां पत्करूं इच्छितों’, ‘मला अमुक विद्या येते’, ‘माझ्यावर कधीं खटला झालेला नाहीं’ या नोंदी नव्हेत, या साक्षी आहेत. साक्ष देणारा मनुष्य हजर असावा लागतो.

या संबंधांत अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणांतील २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय विचार करण्यासारखा आहे. नोकरीच्या उमेदवारानें शिक्षा, निर्दोष सुटका, अटक अगर चालू खटला यांविषयीं खरी माहिती दिली पाहिजे, कांहीं दडवितां कामा नये, असें न्यायालयानें सांगितलें. आणि त्याबरोबरच, दडविल्याचा दोष ठेवण्यापूर्वीं त्या गोष्टीचें ज्ञान त्या मनुष्यास होतें असें दिसलें पाहिजे, असेंहि म्हटलें. आतां अशी कल्पना करा कीं, एखाद्या उमेदवारावर पूर्वीं कांहीं किरकोळ खटला झालेला आहे, आणि यंत्रानें जुन्या अर्जावरून त्या रकान्यांत ‘नाहीं’ असें भरलें. आपल्यावर खटला होता हें त्याला ठाऊक आहे. आपण ‘नाहीं’ म्हटलें हें मात्र त्याला ठाऊक नाहीं. हा खोटें बोलला काय? असत्यास सत्य ठाऊक असणें व त्याविरुद्ध बोलणें अशा दोन गोष्टी लागतात, आणि येथें दुसरी गोष्ट त्याच्याकडून घडलीच नाहीं. तेव्हां त्या रकान्यांत तो खोटें बोलला नाहीं असें आम्ही कबूल करूं. पण फॉर्मच्या शेवटीं एक चौकोन असतो: ‘वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणें खरी आहे.’ न वाचतां तेथें खूण केली त्या क्षणीं तो खोटें बोलला. कारण ज्या मजकुरावर नजरच गेली नाहीं त्याविषयीं त्याची कोणतीच समजूत नव्हती. अज्ञान आपणांवर येऊन पडलेलें असलें तर क्षम्य आहे. वेळ वाचविण्यासाठीं विकत घेतलेलें अज्ञान क्षम्य नाहीं.

येथवर विचार झाल्यावर आम्ही, बऱ्याच समाधानानें, त्या मुलाचें प्रशस्तिपत्र लिहावयास बसलों. बसलों म्हणजे काय केलें, तें वाचकांस सांगितलेंच पाहिजे. आमच्या संगणकांत एक जुनें प्रशस्तिपत्र आहे. तें उघडलें, त्यांतील नांव बदललें, वर्ष बदललें आणि कागद छापून घेतला. परिश्रमी, विनयशील, सच्छील हीं तीन विशेषणें त्यांत वर्षानुवर्षें आपापल्या जागीं बसलेलीं आहेत. सहीसाठीं लेखणी उचलली तों एका वाक्यांत ‘तो’ याच्या ऐवजीं ‘ती’ राहिलेली दिसली. मागच्या वर्षीं एका विद्यार्थिनीस दिलेल्या पत्राचा तो अवशेष होता. आम्हींहि प्रथम तेंच केलें जें त्या मुलानें केलें होतें. एक अक्षर बदललें, आणि मनांत म्हटलें कीं एवढीच चूक राहिली.

मग मात्र सही करवेना. ‘मी यास चांगला ओळखतों’ असें त्या कागदाचें पहिलेंच वाक्य होतें. ज्याला ‘तो’ म्हणावें कीं ‘ती’ हेंहि कागदास ठाऊक नव्हतें, त्याच्याविषयींची ती आमची साक्ष होती! तो कागद फाडून आम्हीं कोऱ्या कागदावर आरंभ केला. पहिलीं दहा मिनिटें कांहींच सुचलें नाहीं, आणि त्या दहा मिनिटांची लाज आम्हांस अद्याप वाटते. मग हळूहळू आठवलें कीं, दुसऱ्या वर्षाच्या चांचणींत आमच्या बेरजेच्या चुकीनें त्याला चार गुण अधिक मिळाले होते, आणि दुसऱ्या दिवशीं स्वतः येऊन त्यानें ते कमी करून घेतले होते. तेवढें आम्हीं लिहिलें, आणि त्याखालीं निश्चिंत मनानें सही केली.

चार गुणांचा हिशेब चुकूं न देणारा मुलगा चाळीस ठिकाणीं न वाचलेला आदर पाठवितो, यावरून त्याचें शील बिघडलें असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या प्रसंगीं मनुष्य थांबतो त्या प्रसंगीं तो प्रामाणिक असतो. आणि या साधनानें थांबण्याचे प्रसंगच काढून घेतले आहेत. म्हणून ते आपले आपण राखले पाहिजेत. ऑटोफिल वापरावें, परंतु पाठविण्यापूर्वीं प्रत्येक साक्षीच्या रकान्यापाशीं स्वतःस विचारावें कीं, मेजापलीकडच्या माणसानें हाच प्रश्न तोंडीं विचारला तर हेंच उत्तर मला देतां येईल काय? चाळिसांपैकीं बारा अर्जच या कसोटीस उतरले, तर ते बारा पाठवावे. आणि आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांनीं तरुणांस हा उपदेश करण्यापूर्वीं आपल्या सहीखालून काय काय गेलें तें एकदां पाहावें.

दुसऱ्या दिवशीं तो मुलगा पत्र घ्यावयास आला. उभ्याउभ्याच त्यानें तें वाचलें, आणि बऱ्याच वेळानें विचारलें, “सर, हें आपल्या लक्षांत होतें?” आम्हीं खरें तेंच सांगितलें: “नव्हतें. लिहावयास बसल्यावर आठवलें.”