गार इंजिन खोटं बोलत नाही

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टक-टक-टक आवाज यायचा. दहाएक मिनिटांत इंजिन तापलं की गायब. वडिलांची जुनी मारुती 800. मी ती विकायला काढली होती.

गॅरेजवाल्या चाचांनी नुसतं ऐकून सांगितलं, "मॅनिफोल्ड लीक आहे." सिलिंडरमधला जळका वायू सायलेन्सरकडे नेणारा हा ओतीव लोखंडी भाग. गॅसकेट गेलं किंवा मॅनिफोल्ड किंचित वाकला की फट पडते. तापलेलं लोखंड फुगलं की फट मिटते, आवाज थांबतो.

"नीट करायचं तर गंजलेले स्टड काढावे लागतील, एखादा तुटणारच. मग ड्रिल मारा, फेस सपाट करून आणा, नवं गॅसकेट टाका. नाहीतर पेस्ट लावतो. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम ठेव."

मला पेस्ट पटली होती. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. यात खोटं काय?

इसवी सनापूर्वी 44 मध्ये सिसेरोने 'दे ऑफिकीस'मध्ये हाच वाद मांडलाय. घरात दोष आहे आणि तो फक्त विकणाऱ्यालाच माहीत आहे. बाबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, घे म्हणून सक्ती कुणी केली? अँटिपेटर म्हणतो, हे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याहून वाईट, कारण इथे जाणूनबुजून चुकवलं जातं. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने.

मला आधी डायोजेनिसच व्यवहारी वाटला. पण गाडी गरम करून ठेवणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. ते बोलणंच झालं, फक्त इंजिनाच्या तोंडून.

मग सांगून टाकावं, किंमत कमी करावी, संपलं? गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं तेव्हा त्याच्या कडेवर दोनेक वर्षांची मुलगी होती. फटीतून निसटणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो काचेखालच्या जाळीतून आत येऊ शकतो. सौदा बापाशी होता. श्वास ती घेणार होती.

दीड दिवस गेला, दोन स्टड तुटले. चाचांनी मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूने कसत आणलं, इंजिन एकदा तापवून गार केलं आणि पुन्हा कसलं. गाडीच्या किमतीत हा खर्च निघाला नाही.

गिऱ्हाइकाला मी सकाळी सातला बोलावलं. बॉनेटवर हात ठेवायला लावला. गार होतं.

"आता तुम्हीच स्टार्टर मारा," म्हटलं.