किनाऱ्यावरून मोजलेली मासळी

आमच्या गावच्या चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढायला सुरुवात झाली की दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा लागतात. होडीने अर्धवर्तुळात सोडलेलं जाळं हळूहळू वाळूकडे येतं. ओढणाऱ्यांची पावलं ओल्या रेतीत रुततात, मागचा माणूस दोर सोडून पुन्हा पुढे जाऊन धरतो. जाळ्याचं पोट उथळ पाण्यात चमकू लागलं की बाजूला उभी असलेली दोन-चार माणसं पुढे सरकतात. त्यांनी दोराला हात लावलेला नसतो आणि त्या मासळीत त्यांचा वाटाही नसतो. ती दुसऱ्या रापणीची माणसं. पेडवे किती, बांगडा किती, जाळं हलकं आलं की जड, एवढं पाहून ती निघून जातात.

"शेजारच्या रापणीक काय गावला ता आधी बघूचा, मगे आपली होडी ढकलूची," असं आमच्या शेजारच्या काकांनी मला लहानपणी सांगितलं होतं. आज माझ्या घराच्या मागच्या खोलीत संगणकावर जे चालतं, त्याचं सार या एका वाक्यात आहे.

निफ्टी या शेअर निर्देशांकाच्या भावावर आधारलेली एक स्ट्रॅटेजी मी गेली काही वर्षं चालवतो. खरेदी-विक्रीचे नियम लिहून दिलेले आहेत, सौदे यंत्र करतं. त्या यंत्राच्या शेजारी दुसरं एक यंत्र तेच नियम कागदावर चालवतं. तिथे पैसा लागत नाही, पण प्रत्येक सौदा नोंदला जातो. कागदावरच्या शेवटच्या वीस सौद्यांची बेरीज नफ्यात असेल तरच पुढचा सौदा खऱ्या पैशाने होतो. तोट्यात असेल तर खरं यंत्र गप्प बसतं, कागदी चालूच राहतं. या कागदी यंत्राला सुट्टी नाही, आणि सगळ्या रचनेचा प्राण त्यातच आहे. कारण ज्याने होडी ओढून घेतली आणि समुद्राकडे पाठ फिरवली, त्याला मासळी परतल्याचं कळणार कसं? नुकसान झालं म्हणून सगळं बंद करणारा माणूस परत येतो तेव्हा एक तर फार उशीर झालेला असतो, किंवा केवळ मनाला वाटलं म्हणून तो येतो. धोका न घेता पाहत राहणं ही वेगळी साधना आहे.

पण कागदी नफा पाहूनच खरा सौदा करायची ही गाळणी खरंच काही गाळते का, हा प्रश्न मला कितीतरी रात्री छळत राहिला. शेजारच्या रापणीला काल बांगडा गावला म्हणजे आज आपल्याला गावेल, या समजुतीमागे एक गृहीत आहे. बांगड्याचा थवा किनाऱ्याजवळ आला की दोन-चार दिवस रेंगाळतो. पाण्याचं तापमान, खाद्य, प्रवाह ही कारणं एका रात्रीत बदलत नाहीत. म्हणून कालच्या जाळ्यात आजच्या जाळ्याची थोडी खबर असते. ती नसती, म्हणजे प्रत्येक पहाट नाणं उडवल्यासारखी स्वतंत्र असती, तर शेजारच्या किनाऱ्यावर उभं राहणं व्यर्थ होतं. सौद्यांचंही तसंच. निकाल एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर गाळणीने फक्त सौद्यांची संख्या घटते, उरलेल्या प्रत्येक सौद्याची सरासरी होती तेवढीच राहते. तोट्याची खोली कमी दिसते ती आपण कमी वेळा समुद्रात गेलो म्हणून. आणि निकाल आलटून-पालटून येणारे असतील, वाईटामागून चांगला, तर गाळणी आपल्याला नेमकी चांगल्या दिवसाच्या तोंडावर घरी बसवते.

मागचं पुढच्याला किती बांधलेलं असतं, हा प्रश्न या देशात फार मोठ्या कामासाठी विचारला गेला आहे. केंब्रिजचा गणिती गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचा प्रमुख होता. १८९९च्या दुष्काळाची आठवण ताजी होती आणि मोसमी पावसाचा अंदाज बांधायचं काम त्याच्याकडे आलं होतं. खात्याचं मुख्य कार्यालय तेव्हा शिमल्याला होतं. पुढे ते पुण्यात आलं आणि तिथली इमारत आजही शिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते. जगभरच्या हवेचा दाब, तापमान, पाऊस यांच्या आकड्यांत वॉकर नाती शोधत होता. त्यातूनच प्रशांत महासागरावरच्या दाबाचा एक मोठा झोका त्याला सापडला. पण मला त्याच्याविषयी खरा आदर वाटतो तो १९१४ सालच्या एका लेखामुळे. शेकडो नाती तपासली तर त्यातलं एखादं निव्वळ योगायोगानेही भक्कम दिसेल, तेव्हा सर्वांत भक्कम नात्याची पारख करताना आपण किती नाती चाळली हे मोजलं पाहिजे, असा इशारा त्याने त्यात दिला. पुढे १९३१मध्ये त्याने संख्याशास्त्रज्ञ यूलच्या कामाला जोड देऊन, मालिकेतलं प्रत्येक पद आधीच्या पदांवर किती अवलंबून असतं हे काढायची रीत मांडली. संख्याशास्त्राचे विद्यार्थी यूल-वॉकर समीकरणं शिकतात ती हीच.

माझ्या वीसच्या आकड्याला वॉकरचा इशारा थेट लागू पडतो. वीसच का? मी दहा, पंधरा, तीस, पन्नास सगळं करून पाहिलं होतं आणि वीसचा आलेख सर्वांत देखणा होता. म्हणजे मी नाती चाळली आणि सर्वांत भक्कम उचललं. हे लक्षात आलं त्या दिवशी सौद्यांचे जुने निकाल चिठ्ठ्यांवर लिहिले, बिस्किटांच्या डब्यात घालून ढवळले आणि येतील त्या क्रमाने मांडून त्यावर तीच गाळणी चालवली. मग पुन्हा ढवळलं. ढवळलेल्या मालिकेला स्मृती नसते, तिथे गाळणीला पकडायला काहीच नसतं. तरीही कितीतरी वेळा गाळणीने आलेख सुंदर केला. त्या डब्याने मला जे शिकवलं ते कुठल्या महागड्या कार्यशाळेत मिळालं नसतं.

स्मृती बाजारात नाही असं मात्र नाही. भावांची उसळी झुंडीने येते. खवळलेले दिवस खवळलेल्या दिवसांना चिकटून येतात, शांत दिवस शांत दिवसांना. गणिती मॅन्डेलब्रॉटने कापसाच्या भावांच्या अभ्यासात १९६३मध्येच हे नोंदवलं होतं. तेव्हा ज्या स्ट्रॅटेजीचं पोट उसळीवर भरतं, तिच्या निकालांतही थोडी स्मृती उतरते आणि तिथे गाळणीला कारण मिळतं. कारण सांगता येत नसेल तर नुसत्या आलेखावर मी आता विसंबत नाही.

आणि कारण असलं तरी ते एका दिवसात मरू शकतं. ३ जून २०२४ला मतदानोत्तर चाचण्यांच्या जोरावर निफ्टी सव्वातीन टक्के वर गेला. कागदी यंत्राचे अलीकडचे सौदे भरघोस नफ्यात होते, गाळणीचं दार सताड उघडं होतं. ४ जूनला लोकसभा निवडणुकीच्या निकालांच्या दिवशी निफ्टी जवळजवळ सहा टक्के कोसळला. त्या दिवशी मी दुपारी गावातल्याच दांडीच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. होड्या शाकारून वर ओढलेल्या होत्या, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. मे महिन्यात किती बांगडा गावला याला त्या बंदीत किंमत नाही. मासळीचा विणीचा काळ आणि खवळलेला दर्या, एवढं कारण पुरेसं. काही दारं अशी तिथीने बंद करायची असतात, कालच्या कमाईने नाही. तेव्हापासून माझ्या यंत्रात बंदीचे दिवसही लिहिलेले आहेत.

कागदी मासळीबद्दल, म्हणजे कागदावरच्या नफ्याबद्दल, आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते, कारण आमच्याकडची तरुण मुलं मोबाइलवर अल्गो, म्हणजे यंत्राने चालणाऱ्या तयार स्ट्रॅटेजी, विकत घेऊ लागली आहेत. कागदावरचा सौदा नेहमी मागितलेल्या भावाला होतो. खरा सौदा भाव सरकल्यावर होतो, आणि त्यावर दलाली आणि कर पडतो. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनमधल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि २०२३-२४मध्ये माणशी सरासरी २६,००० रुपये नुसत्या व्यवहारखर्चात गेले. अल्गोचा मागचा किंवा पुढचा परतावा दाखवणाऱ्या मंचांशी दलालांनी संबंध ठेवू नये, असं सेबीने २ सप्टेंबर २०२२ला बजावलं होतं, ते यासाठीच. शेजारच्या रापणीतली मासळी तरी डोळ्यांसमोर वाळूवर फडफडते. विकणाऱ्याने दाखवलेल्या आलेखातली मासळी कोणी ओढली, किती वेळा जाळं टाकून त्यातलं कुठलं दाखवलं, हे विचारायचा हक्क त्या मुलांना आहे आणि त्यांनी तो सोडू नये.

माझ्या वहीत आता दोन रकाने आहेत. डावीकडे कागदी निकाल, त्यातून खर्च आधीच वजा केलेला. उजवीकडे खरे. गेल्या कित्येक आठवड्यांत उजवा रकाना बहुतेक कोराच आहे. डावीकडे मात्र रोज दुपारी साडेतीननंतर, बाजार बंद झाल्यावर, एक ओळ वाढते. काल ती लिहून झाल्यावर चिवल्यावर गेलो, तेव्हा काका वाळूत बसून जाळ्याचा फाटलेला भाग शिवत होते. पलीकडच्या रापणीचं जाळं जवळ येत होतं. त्यांनी सुई दाताखाली धरली, उठून चार पावलं पुढे गेले, पाण्यात डोकावले आणि पुन्हा येऊन शिवायला बसले.