टोचून वाचवायचं?

फ्लाय फिशिंग हा मासेमारीचा तसा विचित्रच प्रकार. गळाला गांडूळ लावायचं नाही. आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटा किडा करायचा. या किड्याला वजन नसतं, म्हणून दोरी जाड आणि जड घ्यायची आणि तिच्या वजनावर तो किडा पाण्यावर अलगद टेकवायचा. मासा लागला की हात ओला करून त्याला धरायचं, आकडा काढायचा आणि सोडून द्यायचं.

हे सगळं मी एकदा मोठ्या कौतुकानं आजीला सांगत होतो. आजी कोकणातली, मासे साफ करण्यात आयुष्य गेलेली. सगळं ऐकून ती म्हणाली, "खायचा नाही, तर मग त्या मुक्या जिवाला टोचतोस कशाला?"

"अगं, आम्ही मासे वाचवतो."

"टोचून?"

मी हसलो, पण उत्तर सुचलं नाही. माशाला दुखतच नाही असं म्हणून सुटता आलं असतं, पण ती सोयही आता राहिलेली नाही. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली रेनबो ट्राउट माशांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोकं असतात, आणि ओठाला त्रासदायक द्रव्य टोचलं की तो खाणं टाळतो, ओठ तळाच्या खड्यांवर घासतो, हे त्यांना दिसलं. माशाला नेमकं काय 'वाटतं' यावर वाद चालू आहे. पण संशयाचा फायदा गळ टाकणाऱ्यानं स्वतःला द्यावा, हे काही बरोबर नाही.

आम्हा गळवाल्यांचं ठरलेलं उत्तर वेगळं असतं: नदीवर जो रोज जातो, तोच नदी राखतो. यासाठी कावेरीचं उदाहरण दिलं जातं, आणि ते खोटं नाही. कावेरीचा कुबडवाला महासीर हा जगातल्या सर्वात मोठ्या गोड्या पाण्यातल्या माशांपैकी एक. 1946 साली काबिनी या तिच्या उपनदीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महासीर गळाला लागला होता. पुढे सुरुंग लावून मासे मारण्याचं प्रमाण वाढलं. तेव्हा कर्नाटकात गळवाल्यांच्या संघटनेनं नदीचे काही पट्टे राखायला घेतले, पहारा ठेवला, पकडलेला प्रत्येक महासीर सोडायचा नियम केला. चोरून मासे मारणाऱ्यांपैकी काही जण तिथेच वाटाडे आणि राखणदार म्हणून कामाला लागले. जिवंत महासीर मेलेल्यापेक्षा जास्त पैसे मिळवून देऊ लागला.

गोष्ट इथे थांबली असती तर मी आजीला उत्तर दिलं असतं. पण ती पुढे जाते, आणि आपल्या महाराष्ट्रातून जाते.

महासीर एकच नसतो, त्याच्या अनेक जाती आहेत. आपल्याकडच्या महासीराचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केलं. पुढे हा मासाही कमी होऊ लागला. तेव्हा लोणावळ्यात टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात त्याची कृत्रिम पैदास यशस्वी झाली. काम खरोखर मोलाचं होतं. तिथली पिल्लं ठिकठिकाणच्या तलावांत आणि नद्यांत सोडली गेली. 1970च्या दशकापासून ती कावेरीतही गेली. महासीर कमी होतोय, मग महासीर सोडू या. इतका सरळ हिशेब होता. त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता.

फक्त कावेरीतला महासीर वेगळा होता. निळसर परांचा पाहुणा तिथे जोमानं वाढला आणि कुबडवाला मूळचा रहिवासी मागे पडत गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग हे सगळं होतंच. पण बाहेरून सोडलेल्या माशांचा या घसरणीत मोठा हात असावा, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. आणि गळवाल्यांनी दीडशे वर्षं ज्याचे फोटो काढले, गोष्टी सांगितल्या, त्याचं शास्त्रीय नावही धड ठरलेलं नव्हतं. तो म्हणजे 'टॉर रेमादेवी', हे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झालं. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. नाव मिळालं तेव्हा तो जवळजवळ संपत आला होता.

प्रेम करणाऱ्यांनीच घात केला, असं म्हणून मला हा विषय मिटवता आला असता. पण मला अडवलं एका साध्या गोष्टीनं. हे सगळं कळलं कसं?

वहीतून. गळीबोरे इथल्या मासेमारी छावणीत कुणी किती तास गळ टाकला, काय लागलं, किती वजनाचं, हे लिहून ठेवलं जात होतं. 1998 ते 2012 या काळातल्या तेवीस हजारांहून जास्त तासांच्या आणि सहा हजारांवर महासीरांच्या या नोंदी. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी त्या तपासल्या आणि 2015 साली निष्कर्ष मांडले. वरवर पाहता सगळं छान होतं: पकडल्या जाणाऱ्या महासीरांची संख्या वाढत होती. पण जातीनुसार पाहिलं तर वाढत होता तो पाहुणा. कुबडवाला कोसळत होता. छावणीत बसलेल्याला नदी महासीरांनी भरलेली दिसत होती, आणि त्याच्याच वहीत वेगळं लिहिलेलं होतं.

इथे मला आजीच्या प्रश्नाचं उत्तर नाही, पण त्याच्या शेजारचं काहीतरी सापडतं. आपण निसर्गप्रेम दोन गोष्टींवरून मोजतो: हात स्वच्छ आहेत का, आणि हेतू चांगला आहे का. पिल्लं सोडणाऱ्यांचा हेतू चांगला होता. हात स्वच्छ ठेवणारे तर पुष्कळ आहेत. महाडजवळ वाळण कोंडला काळ नदीच्या डोहातल्या महासीरांना लोक देवीचे मासे मानतात, खायला घालतात, कुणी पकडत नाही. त्या श्रद्धेनं डोह राखला, हे खरंच मोठं काम आहे. पण महासीर पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाच्या वर जाणारा मासा. त्याला अख्खी नदी लागते, आणि डोहाबाहेरच्या नदीकडे हात जोडून भागत नाही.

मला वाटतं, तिसरी एक कसोटी हवी. तुमचं प्रेम स्वतःला चुकीचं ठरवू शकेल असा हिशेब ठेवतं का? छावणीतल्या त्या वहीनं तेच केलं. 'आम्ही महासीर वाचवतो' हे वाक्य तिनं खोडून काढलं नाही, पण 'कुठला महासीर?' असं विचारलं.

याचा अर्थ वही असली की टोचायची परवानगी मिळाली, असा नाही. ते पुन्हा स्वतःची सोय पाहणं झालं. वन्यजीव कायद्याच्या आधारे 2012च्या सुमारास कावेरीच्या अभयारण्यातली ही मासेमारी बंद झाली. कायद्याच्या नजरेत टोचणं ते टोचणंच, आणि मला त्यात चूक दिसत नाही. पण त्याबरोबर नोंदीही थांबल्या आणि वाटाडे काठावरून उठले. माशाला होणारी इजा थांबली, आणि त्याच्याकडे पाहणंही कमी झालं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि एकीनं दुसरी फिटत नाही.

मी गळ अजून सोडलेला नाही. आकड्याचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकतो, म्हणजे काढताना फाटत नाही. उन्हाळ्यात पाणी आटून तापलं की जात नाही, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून थकलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. आणि लिहितो: तारीख, पाणी, कुठला मासा, आकडा कुठे लागला, रक्त आलं का. शेवटचा रकाना आजीच्या प्रश्नानंतर वाढवला. गेल्या वर्षी तो चार वेळा भरला.

परवा ती वही तिला दाखवली. तिनं चष्मा लावून पानं उलटली. म्हणाली, "लिहितोस ते बरं करतोस. पण हे चार कमी झाले पाहिजेत."