धूसर पार्श्वभूमीचे सत्य

कॅमेऱ्याची लेन्स एका वेळी एकाच अंतरावर नेमकी जुळते. त्या अंतरावरच्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला प्रकाश सेन्सरवर पुन्हा बिंदू होऊन पडतो. त्यामागच्या वस्तूंचा प्रकाश सेन्सरच्या अलीकडेच एकवटतो आणि सेन्सरपर्यंत येता येता पुन्हा फाकतो. मग बिंदूच्या जागी चकती उमटते. चकती पुरेशी बारीक असेल तर डोळा तिला बिंदूच समजतो. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरसाठी ही मर्यादा साधारणपणे ०.०३ मिलिमीटर धरतात. त्याहून मोठ्या चकत्या एकमेकींवर चढतात, कडा विरघळतात आणि मागचे दृश्य धूसर होते. स्पष्ट आणि धूसर यांच्यामधली रेघ निसर्गाने आखलेली नाही, ती पाहणाऱ्याच्या डोळ्याने मानून घेतलेली आहे. पुढचा सगळा प्रश्न या साध्या गोष्टीवर उभा आहे.

धूसरपणा किती येणार हे मुख्यतः प्रकाश आत येण्याच्या छिद्रावर, म्हणजे ॲपर्चरवर ठरते. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर ठेवून दोन मीटरवरचा चेहरा टिपला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा पुढून मागे जेमतेम सहा सेंटिमीटरचा असतो. डोळे जुळवले तर कान सुटू लागतात. तीच लेन्स एफ ८ वर, म्हणजे लहान छिद्रावर, नेली की पट्टा सुमारे २७ सेंटिमीटरचा होतो. या हिशेबामागे एक सुंदर नियम आहे. फार दूरच्या दिव्याची धूसर चकती चेहऱ्याच्या पातळीवर मोजली, तर ती लेन्सच्या छिद्राएवढीच भरते. ८५ मिलिमीटर आणि एफ १.८ यांचे छिद्र सुमारे ४७ मिलिमीटर रुंद, तेव्हा तो दिवा चेहऱ्याशेजारी लिंबाएवढा दिसतो. भिंत चेहऱ्याच्या मागे तेवढ्याच अंतरावर, म्हणजे कॅमेऱ्यापासून चार मीटरवर असेल, तर चकती निम्मी होते. म्हणून पार्श्वभूमी विरघळवायची तर माणसाला भिंतीपासून दूर आणावे, आपण त्याच्याजवळ जावे, लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी आणि छिद्र मोठे ठेवावे. फोनच्या कॅमेऱ्याचे छिद्र काही मिलिमीटरचेच असते. त्याला हे जमत नाही, याचे कारण एवढेच.

या धूसरपणाच्या पोताला ‘बोके’ म्हणतात. शब्द जपानी; धूसरपणा हा त्याचा अर्थ, आणि तो ज्या क्रियापदावरून आला ते म्हातारपणी बुद्धी मंदावण्यालाही वापरतात. छिद्राच्या पात्यांची संख्या कमी असेल तर चकत्या बहुकोनी दिसतात, आरसे बसवलेल्या लेन्समध्ये मेदूवड्यासारख्या मधोमध पोकळ दिसतात. चकतीची कड ठळक असली तर पार्श्वभूमी गजबजलेली वाटते, मऊ असली तर शांत.

असे छायाचित्र जगाबद्दल खरे बोलते का, हा प्रश्न तंत्राच्या पुस्तकांत सहसा येत नाही. चेहऱ्यामागचे झाड, रस्ता, माणसे तिथे होती. चित्रात ती रंगाचे डाग झाली. हे काहीतरी दडवणे आहे, की जे महत्त्वाचे ते दाखवणे आहे?

महाभारताच्या आदिपर्वात द्रोण शिष्यांची परीक्षा घेतात. झाडाच्या शेंड्यावर कारागिरांकडून करवून घेतलेला कृत्रिम पक्षी ठेवलेला असतो. युधिष्ठिराला झाड, भाऊ, गुरू आणि पक्षी असे सगळेच दिसते, आणि द्रोण त्याला बाजूला करतात. अर्जुनाला शेवटी पक्ष्याचे मस्तकच दिसते, आणि तो उत्तीर्ण होतो. एकाग्रतेचा धडा म्हणून ही कथा घराघरांत सांगितली जाते. पण ती परीक्षा बाण मारण्याची होती, जाणण्याची नव्हती. लक्ष्य भेदताना भाऊ दिसेनासे होणे हे कौशल्य ठरते. न्याय करायला बसलेल्याला भाऊ दिसेनासे झाले तर तो दोष ठरेल, आणि पुढे धर्मराज हे नाव ज्याला मिळाले तो सगळे पाहणाराच होता. पार्श्वभूमी विरघळणे चांगले की वाईट, हे पाहण्याच्या हेतूवाचून ठरत नाही, एवढे या कथेतून निश्चित निघते.

छायाचित्रकारांमध्ये हा वाद जुना आहे. कोलकात्यात जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरून यांच्या हाती १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, कॅमेरा आला. त्यांच्या चित्रांत चेहऱ्याचाही बराच भाग मऊच राहतो. फोकस जुळवताना जे सुंदर दिसेल तिथे थांबायचे, अधिक तीक्ष्णतेच्या मागे धावायचे नाही, ही त्यांची रीत. तांत्रिक दोष म्हणून त्यांच्यावर टीका झाली. १८८९ मध्ये पीटर हेन्री एमर्सन यांनी धूसरपणाला शास्त्राचा आधार दिला: माणसाचा डोळाही दृश्याच्या मध्याशीच स्पष्ट पाहतो, तेव्हा चित्रातही मुख्य विषय स्पष्ट आणि बाकीचे सौम्य असणे हेच निसर्गाला धरून आहे. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी याच्या उलट टोक धरले आणि आपल्या गटाचे नावच अतिसूक्ष्म छिद्राच्या आकड्यावरून ‘एफ ६४’ ठेवले. पायाशी असलेल्या खड्यापासून क्षितिजापर्यंत सारे लख्ख, हा त्यांचा आग्रह.

एमर्सन यांच्या युक्तिवादात एक उणीव राहते, आणि ती मोठी आहे. हात लांब केल्यावर अंगठ्याचे नख जेवढे दिसते, साधारण तेवढ्याच भागात डोळा खरोखर तीक्ष्ण पाहतो, हे बरोबर. पण डोळा हलतो. कोपऱ्यातल्या माणसाकडे नजर वळवली की तो माणूस स्पष्ट होतो. छायाचित्रातल्या धूसर माणसाकडे कितीही वेळ पाहिले तरी तो स्पष्ट होत नाही. टिपणाऱ्याचे क्षणभराचे अवधान पाहणाऱ्यावर कायमचे बंधन होऊन बसते. फ्रेंच चित्रपट-समीक्षक आंद्रे बाझँ यांचा खोल फोकसकडे ओढा होता तो याच कारणाने. ‘सिटिझन केन’ (१९४१) मध्ये ग्रेग टोलंड यांच्या कॅमेऱ्याने पुढचे आणि मागचे एकाच वेळी स्पष्ट ठेवले. त्यामुळे कुठे पाहायचे ते प्रेक्षकाच्या हाती राहते आणि वास्तवाची संदिग्धता शाबूत राहते, असे बाझँ यांचे म्हणणे होते.

तरीही निवड टळत नाही. एफ ६४ वर टिपलेल्या चित्रालाही चौकट असते, आणि चौकटीबाहेरचे सारे धूसरसुद्धा उरत नाही, ते नसतेच. म्हणून ‘निवड की सत्य’ अशी विभागणी करून हाती काही लागत नाही. निवडीनिवडींतच फरक करावा लागतो, आणि तो जैन तर्कशास्त्राइतका नेमका क्वचितच कुठे केलेला आढळतो.

उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या पाचव्या अध्यायात ‘अर्पित’ आणि ‘अनर्पित’ अशी जोडी येते. वस्तूला अनंत अंगे आहेत. बोलणारा प्रयोजनाप्रमाणे एक अंग पुढे करतो, ते अर्पित. बाकीची मागे राहतात, ती अनर्पित. एखाद्याला बाप म्हटले तेव्हा त्याच्या मुलाचा संदर्भ पुढे असतो. तो स्वतः कुणाचा मुलगा आहे हे त्या वेळी मागे राहते, खोटे ठरत नाही. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी आपल्या बत्तीस श्लोकांच्या एका स्तोत्रात यावरून तीन पायऱ्या वेगळ्या केल्या, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस मल्लिषेणांनी ‘स्याद्वादमंजरी’ या टीकेत त्या उलगडल्या. ‘हे असेच आहे’ म्हणणारा दुर्नय, ‘हे असे आहे’ म्हणणारा नय, आणि ‘एका अपेक्षेने हे असे आहे’ म्हणणारे प्रमाण. नय अपुरा असतो, पण दोषी नसतो. दुसऱ्या अंगांना तो गौण ठेवतो. दुर्नय त्यांचा निषेध करतो. सगळा भेद ‘च’ या एका अक्षरात आहे.

लेन्सचा धूसरपणा स्वभावतः नय आहे. मागचे झाड गौण होते, पण त्याचा हिरवा रंग, त्यातून झिरपणारे ऊन, त्याचे अंतर हे सारे चकत्यांच्या रूपाने चित्रात उतरलेले असते. चकती जेवढी मोठी तेवढी वस्तू दूर, म्हणजे धूसरपणा स्वतःच काही सांगत असतो. अद्वैतातल्या मायेची उपमा इथे सुचते, पण ती लागू पडत नाही. माया आवरण घालते आणि वर विक्षेपही करते: दोरी झाकते आणि साप दाखवते. लेन्स झाड अस्पष्ट करते, त्याच्या जागी दुसरे काही उभे करत नाही.

तरी हाच नय दुर्नयाकडे घसरू शकतो. खाणीत काम करणाऱ्याचा चेहरा एफ १.८ वर टिपला आणि खाण मलईसारखी विरघळली, तर सुरकुत्या उरतात आणि त्यांचे कारण निघून जाते. पाहणाऱ्याला वाटते की हा माणूस म्हणजे हा चेहराच. तोच चेहरा, तीच लेन्स. छिद्र एफ ५.६ च्या आसपास आणले तर खाणीची कड, दगडांचे ढीग, उभा असलेला ट्रक ओळखू येतात आणि तरीही चेहऱ्यावर कुरघोडी करत नाहीत. गौण ठेवलेले ओळखू येईल इतपत उरले पाहिजे, ही कसोटी अशा चित्रांना लावणे योग्य आहे. लग्नातल्या नवरीच्या चित्रात मागचे मंगल कार्यालय पूर्ण विरघळले तर कुणावर अन्याय होत नाही. वृत्तचित्रात तसे म्हणता येत नाही.

फोनमधला पोर्ट्रेट मोड मात्र वेगळ्या जातीचा आहे. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसने तो सर्वदूर नेला. छोट्या छिद्रामुळे फोनच्या मूळ चित्रात मागचे बरेचसे स्पष्टच आलेले असते. मग आज्ञावली अंतराचा अंदाज बांधते, माणूस कुठे संपतो ते ठरवते आणि उरलेल्या भागावर धूसरपणा चढवते. नोंदले गेलेले झाकायचे आणि न घडलेले प्रकाशाचे फाकणे उभे करायचे, इथे आवरण आणि विक्षेप दोन्ही हजर आहेत. परिणाम सुंदर असू शकतो, आणि घरगुती आठवणींसाठी त्याला कुणी बोल लावू नये. पण त्यात कापलेली एक सीमारेषा असते: अलीकडचे ठेवायचे, पलीकडचे घालवायचे. ही रेषा भुरभुरत्या केसांशी, चष्म्याच्या काचेशी आणि विरळ विणीच्या ओढणीशी चुकते. तिथे एकाच जागी माणूसही असतो आणि मागचे जगही. आज्ञावलीला दोन्हींपैकी एक निवडावे लागते, तर लेन्समधून दोन्हींचा प्रकाश एकत्रच येऊन पडतो.