डावीकडचा दुसरा खण

माणूस ओळखायचा तर त्याची पुस्तके पाहावीत, असे विद्वान सांगतात. मला हे फारसे पटत नाही. पुस्तके माणूस पाहुण्यांसाठीही मांडतो. स्वयंपाकघरातला खण मात्र कुणासाठीच मांडत नाही. तो ओढून पाहावा. सुतळीचे तुकडे, बरणी फुटल्यावर मागे उरलेले झाकण, कुलूप हरवलेली किल्ली, कुकरची जुनी रिंग आणि 'कशाची तरी असेल' अशी एक पितळी चकती त्यातून निघाली, की त्या घराचे तत्त्वज्ञान तुम्हांला कळले म्हणून समजा. त्या तत्त्वज्ञानाचे नाव 'लागेल कधीतरी'.

आजीच्या काळी भिंतीवर मांडणी असे. मांडणीला आत-बाहेर नसते. चिंचेने घासलेले तांब्या-पितळेचे जे काय असेल ते येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर उभे. पुढे मांडणी गेली, ओट्याखाली खण आले आणि माणसांप्रमाणे स्वयंपाकघरालाही अंतरंग आणि बहिरंग फुटले.

गेल्या वर्षी आमच्या खणांचा अंतर्बाह्य जीर्णोद्धार झाला. बाहेरून फिकट हिरवा सनमायका, आतून चमच्यांना वेगळे कप्पे. "साहेब, बोटानं ढकललात तरी बंद होईल," सुतार म्हणाला. जुना खण बंद करायला गुडघा लागत असे. मग आमच्या हिने वर्गीकरण काढले. ढवळायचे एकीकडे, कापायचे दुसरीकडे. सोऱ्याच्या चकत्या, शंकरपाळ्यांचे कातणे, पुरणयंत्राच्या जाळ्या हे सगळे 'सणासुदीचे'. प्रत्येक खणावर चिठ्ठी. खणांच्या तळाशी अंथरलेली जुनी वर्तमानपत्रे वाचून काढण्याचे अवघड काम मी अंगावर घेतले.

सगळे कसे छान झाले. फक्त चौथ्या दिवशी दिवेलागणीला आई ओट्यापाशी गेली. आईचे वय ब्याऐंशी. डोळ्यांपेक्षा हातांवर तिचा भरवसा जास्त. हात सवयीने डावीकडच्या दुसऱ्या खणात गेला. तिथे काटे-चमचे लागले. तिने खण ढकलला. तो सुताराच्या शब्दाला जागून आवाज न करता बंद झाला. मग आई हळूच म्हणाली, "अगं, काडेपेटी कुठं ठेवलीस?"

प्रश्न साधाच होता. पण या घरात गेली पन्नास वर्षे प्रश्न उलट दिशेने जात होते. "आई, कात्री कुठंय?" "आजी, सेफ्टीपिन?" मान न वळवता उत्तर यायचे, "डावीकडचा दुसरा, मागं, डबीत." आता पोरे चिठ्ठ्या वाचत होती आणि आई विचारत होती.

दुसऱ्याची वस्तू उचलली तर तिला चोरी म्हणतात. दुसऱ्याची वस्तू न विचारता व्यवस्थित लावून ठेवली तर तिला काय म्हणावे? धर्मशास्त्र माझ्या फारसे वाचनात नाही, पण हे पातक त्यात असेलसे वाटत नाही. आणि पातक म्हणावे तरी कसे? हिला आठ-चाळीसची लोकल गाठायची असते. तिने रोज सकाळी झाऱ्यासाठी उत्खनन करावे, असे म्हणणाऱ्याने आधी स्वतः एक दिवस डबे भरून दाखवावेत.

स्वयंपाकघर शास्त्रशुद्ध लावायची हौस जुनी आहे. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. सुमारे १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. बाईची पावले वाचावीत म्हणून सगळे हाताशी; तांदूळ-साखरेला ॲल्युमिनियमचे छोटे खण, त्यांवर नावे. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे झाली. हेतू चांगला होता, पण जागा एकाच बाईला वावरता येईल एवढी. आणि बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगितले, की हे आखेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाक केलाच नव्हता!

मला वाटते, खरी मेख इथेच आहे. एका ओट्यावर दोन बायका असल्या की तिथे दोन नकाशे असतात. एक चिठ्ठीवर लिहिता येतो, दुसरा हातात मुरलेला असतो. लिहिलेला नकाशा सगळ्यांच्या सोयीचा, हे कबूल. पण हातातला पुसला गेला, की म्हातारे माणूस आपल्याच घरात पाहुणे होते. पसारा आवरण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र तो कुणाचा आहे हे आधी विचारायला हवे.

हे सारे मी पेपरामागे बसून चिंतीत होतो. हिने चिंतन केले नाही. रविवारी डावीकडचा दुसरा खण रिकामा केला, त्यावरची चिठ्ठी काढली आणि म्हणाली, "आई, हा तुमचा. तुम्हीच भरा." पंधरा मिनिटांत खण भरला. काडेपेटी पुढे, डबी मागे. कुकरची रिंगही कुठूनशी परत आली.

आमच्या घरात बिनचिठ्ठीचा तेवढा एकच खण आहे. त्यातले काही हवे असले की आजीला विचारावे लागते. आणि हल्ली पोरांना कात्री फार वेळा लागते, हे माझ्या लक्षात आले आहे.